अ‍ॅरिझोनात नवे आहात? आयकरातले ४०० डॉलर सरकारी शाळेला द्यायची रीत

चँडलर, गिल्बर्ट, टेंपी, मेसा या भागात नोकरीसाठी आलेल्या मराठी घरांत फेब्रुवारी-मार्चला एक फोन ठरलेला. ‘अरे, पोरीच्या दप्तरातून टॅक्स क्रेडिटचा कागद आलाय. शाळा पैसे मागतेय, आणि खाली लिहिलंय की सगळे परत मिळतील. ही काय भानगड आहे?’

भानगड नाही. सगळे परत मिळतात हेही खरं, पण ते शाळा देत नाही, अ‍ॅरिझोना राज्य देतं. तुम्ही शाळेला दिलेली रक्कम राज्य तुमच्या आयकरातून वजा करतं. हा लेख पहिल्यांदाच हे करणाऱ्यांसाठी आहे. मी पहिल्या वर्षी पैसे दिले आणि क्रेडिट घालवून बसलो. ते कसं, हे पुढे येईलच.

आधी ८०जी डोक्यातून काढा

आपल्याला देणगी आणि आयकर म्हटलं की भारतातलं कलम ८०जी आठवतं. त्यात वजावट मिळते ती उत्पन्नातून. ५० टक्के वजावटीच्या संस्थेला १०,००० रुपये दिले, तर उत्पन्न ५,००० ने कमी धरलं जातं. ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असाल तर सेस धरून वाचतात १,५६० रुपये. उरलेले खरोखर तुमच्या खिशातून गेलेले असतात.

अ‍ॅरिझोनात वजावट थेट करातून होते. ४०० डॉलर दिले की राज्याचा कर ४०० डॉलरने कमी, डॉलरला डॉलर. म्हणून याला मी दान म्हणत नाही. राज्याच्या तिजोरीत जाणारच होते ते पैसे कुठल्या शाळेत आणि कशासाठी जावेत, एवढं ठरवायचा हक्क तुम्हाला मिळतो. वर्गणी मागायला आलेल्या मंडळाच्या पोराला ‘पैसे देतो, पण पताकांना नाही, वाचनालयाला लाव’ असं सांगता यावं, तसं.

एका जोडप्याचा हिशेब करू. एकत्र रिटर्न, राज्यासाठीचं करपात्र उत्पन्न ९०,००० डॉलर. अ‍ॅरिझोनाचा आयकर २०२३ पासून सरसकट २.५ टक्के आहे, म्हणजे कर २,२५०. पगारातून वर्षभरात २,४०० कापले गेले असतील तर १५० डॉलर रिफंड येतो. आता याच जोडप्याने शाळेला ४०० दिलेले असतील, तर कर १,८५० होतो आणि रिफंड ५५०. शाळेला गेलेले ४०० रिफंडातून परत आले, जोडपं होतं तिथेच राहिलं. फक्त पैसे आधी द्यावे लागतात आणि परत येतात रिटर्न भरल्यावर. मधले महिने ते तुमचे अडकलेले, एवढाच खर्च.

मर्यादा: एकट्याने किंवा ‘हेड ऑफ हाउसहोल्ड’ म्हणून रिटर्न भरणाऱ्याला वर्षाला २०० डॉलर, एकत्र भरणाऱ्या जोडप्याला ४००. नवरा-बायको वेगवेगळे रिटर्न भरत असतील तर दोघांना अर्धंअर्धं.

मूल नसलं तरी चालतं. ही गोष्ट नव्या लोकांना सांगूनही पटत नाही. तुमचं मूल त्या शाळेत असण्याची अट नाही, मूल असण्याचीच अट नाही. राज्याचा आयकर लागतो, एवढं पुरे. आणि ४०० एकाच शाळेला द्यायला हवेत असंही नाही. चार शाळांना शंभर-शंभर दिले तरी चालतात.

हे आलं कुठून

अ‍ॅरिझोनाच्या विधिमंडळाने १९९७ मध्ये एकाच झटक्यात दोन क्रेडिटं केली. एक सरकारी शाळांसाठी, दुसरं खासगी शाळांच्या शिष्यवृत्त्यांसाठी. दुसऱ्यात पैसे ‘एसटीओ’ नावाच्या संस्थांमार्फत खासगी शाळांत जातात, त्यात धार्मिक शाळाही आल्या. त्यावरून काही करदात्यांनी लावलेला खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०११ मध्ये न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ठरवलं की केवळ करदाते म्हणून या लोकांना दावा लावण्याचा अधिकार नाही. क्रेडिट चालू राहिलं.

मला खटकतं ते वेगळंच. खासगी शाळांच्या क्रेडिटची मर्यादा महागाईप्रमाणे दर वर्षी वाढते आणि आज ती सरकारी शाळांच्या कितीतरी पट आहे. सरकारी शाळांचं क्रेडिट वर्षानुवर्षं २०० आणि ४०० वर बसून आहे.

आणि राज्य श्रीमंत असतं तर शाळांना हे कागद दप्तरात घालावे लागलेच नसते. दर विद्यार्थ्यामागच्या खर्चात अ‍ॅरिझोना तळाच्या राज्यांत असतं. २०१८ च्या एप्रिलअखेरीला इथले शिक्षक लाल टी-शर्ट घालून रस्त्यावर उतरले, शाळा अनेक दिवस बंद होत्या. २०२० मध्ये मतदारांनी मोठ्या उत्पन्नांवर शिक्षणासाठी जादा कर मंजूर केला, तो २०२२ मध्ये कोर्टात पडला. ही पार्श्वभूमी माहीत असली की मुलीच्या ऑर्केस्ट्राची फी वेगळी का मागतात, हा प्रश्न पडत नाही.

पहिलं काम: शाळा निवडा

शाळा अ‍ॅरिझोनातली सरकारी किंवा चार्टर हवी, बालवाडीनंतरच्या किंडरगार्टनपासून बारावीपर्यंतची. चार्टर शाळा खासगी लोक चालवतात, पण त्या सरकारी पैशावर चालतात, म्हणून या क्रेडिटला त्याही बसतात. पूर्ण खासगी शाळा चालत नाही, तिच्यासाठी वरचं एसटीओचं क्रेडिट.

प्रत्येक शाळेला एक सीटीडीएस क्रमांक असतो. काउंटी, प्रकार, डिस्ट्रिक्ट आणि शाळा अशा चार भागांचा मिळून नऊ आकडी. राज्याच्या महसूल विभागाच्या संकेतस्थळावर शाळांची यादी या क्रमांकांसकट मिळते. पैसे द्यायच्या आधी हा क्रमांक एका कागदावर लिहून ठेवा. रिटर्नमध्ये तो लागतोच, आणि तो मिळत नसेल तर तुम्ही भलत्याच खात्यात पैसे घालताय हे तिथेच कळतं.

आता कुठली शाळा? आपलं मूल आहे तिथे देणं साहजिक आहे, मीही दोन वर्षं तेच केलं. पण सगळे तेच करतात, आणि परिणाम असा की जिथे दोन-दोन इंजिनियर असलेली घरं आहेत तिथल्या शाळेकडे पैशाचा ओघ लागतो. क्रेडिट घ्यायला मुळात कर लागावा लागतो आणि हातात ४०० डॉलर मोकळे असावे लागतात. ज्या वस्तीत दोन्ही नाही, तिथल्या शाळेच्या खात्यात चिल्लर जमते. आमच्या मुलीच्या शाळेत रोबोटिक्सच्या दोन टीम आहेत. त्याच गावातल्या दुसऱ्या एका शाळेत मी फोन करून विचारलं, ‘तुम्हाला काय कमी पडतंय?’ तिथल्या बाई क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, ‘बसभाडं.’ मुलांना विज्ञान केंद्रात न्यायला बस परवडत नव्हती.

तेव्हापासून आमचे निम्मे तिकडे जातात. अशी शाळा शोधायची असेल तर एक ढोबळ खूण सांगतो: बहुसंख्य मुलांना मोफत किंवा सवलतीचं जेवण मिळतं का ते बघा. शाळेच्या कार्यालयात सरळ फोन केला तरी सांगतात.

दुसरं काम: पैसे कशासाठी, ते ठरवा

हे क्रेडिट शिक्षकांच्या पगारासाठी नाही. कायद्यात उपक्रमांची यादी आहे. मुख्य गोष्ट म्हणजे शाळेने चालवलेले अभ्यासेतर उपक्रम, ज्यांची फी मुलांकडून घेता येते: बँड, ऑर्केस्ट्रा, खेळांचे संघ आणि त्यांचे गणवेश, विज्ञान प्रयोगशाळेचं साहित्य, शैक्षणिक सहली, स्पर्धांसाठीचा प्रवास. शिवाय चारित्र्यशिक्षणाचे कार्यक्रम आणि कॉलेजच्या तयारीच्या प्रमाणित परीक्षांची फी, म्हणजे एपी (शाळेत असतानाच द्यायची कॉलेजच्या पातळीची परीक्षा) वगैरे.

स्पर्धेसाठी बँड दुसऱ्या राज्यात जाणार असेल तर तो खर्च बसतो. बारावीची मजेची सहल बसत नाही, कायद्यात तसं स्पष्ट म्हटलंय.

तुमच्याच मुलीची व्हायोलिनची फी भरली तरी ती धरली जाते, ही बऱ्याच पालकांना न लागलेली मेख. वर्षभर शाळेच्या पोर्टलवरून तीस-चाळीस डॉलर करत जी फी भरता, तिच्या पावत्या काढून बघा. आमच्याकडे एका वर्षी १३५ डॉलर असेच निघाले, म्हणजे ४०० पैकी २६५ च द्यायचे राहिले.

ऑनलाइन पैसे भरताना उपक्रमाचा ड्रॉपडाउन येतो. त्यात बँड, ट्रॅक, चेस क्लब असं काय काय असतं, आणि कुठेतरी ‘जनरल’ किंवा ‘अनडेझिग्नेटेड’. हा शेवटचा पर्याय घेतला तर पैसे कुठे लावायचे ते शाळेची साइट कौन्सिल ठरवते. त्यात पालक, शिक्षक आणि आसपासचे लोक असतात, आपल्याकडच्या शाळा व्यवस्थापन समितीसारखं. लांबच्या शाळेला देताना मी हाच पर्याय घेतो. तिथे बुद्धिबळ हवं की बस, हे मला चँडलरमध्ये बसून काय कळणार?

तिसरं काम: पैसे शाळेलाच द्या

इथे मी फसलो. पहिल्या वर्षी आमच्या ओळखीच्या एका पालक संघटनेने बँडच्या दौऱ्यासाठी पैसे गोळा केले. मी २०० डॉलरचा चेक दिला. सुंदर पावती आली, वर संस्थेचा लोगो, खाली आभार. मार्चमध्ये रिटर्न भरायला बसलो आणि सॉफ्टवेअरने सीटीडीएस क्रमांक मागितला. पावतीवर नव्हता. संघटनेला विचारलं, तर त्या बाई म्हणाल्या, ‘आमचा असा क्रमांक नसतो, आम्ही शाळा नाही.’ बरोबरच होतं त्यांचं. क्रेडिट मिळतं ते शाळेला दिलेल्या पैशांवर. पालक संघटना, बूस्टर क्लब किंवा फाउंडेशन शाळेसाठीच काम करत असलं, तरी कायद्याच्या दृष्टीने ती शाळा नव्हे. ते २०० डॉलर चांगल्या कामाला गेले, पण राज्याकडून काही परत आलं नाही.

म्हणून चेक शाळेच्या किंवा डिस्ट्रिक्टच्या नावाने, आणि मेमोच्या जागी ‘टॅक्स क्रेडिट’ लिहून उपक्रमाचं नाव. ऑनलाइन देत असाल तर डिस्ट्रिक्टच्या संकेतस्थळावरून आत शिरा, कोणी पाठवलेल्या लिंकवरून नको. पैसेच द्यायचे, वस्तू नाही. घरचा जुना कीबोर्ड बँडरूमला देऊन टाकला तर मुलं खूश होतील, क्रेडिट मिळणार नाही.

पावतीवर शाळेचं नाव आणि सीटीडीएस, तुमचं नाव-पत्ता, तारीख, रक्कम आणि उपक्रम एवढं असलंच पाहिजे. यातलं काही नसेल तर तेव्हाच मागून घ्या. मे महिन्यात शाळेचं ऑफिस बंद असतं असं नाही, पण फोन उचलायला कोणी असेलच याची खात्री मी देणार नाही.

तारखांचा घोळ

साधारण देणग्यांना ३१ डिसेंबर ही शेवटची तारीख असते. या क्रेडिटला सवलत आहे: १ जानेवारी ते १५ एप्रिल या काळात दिलेले पैसे तुम्ही गेल्या वर्षाच्या रिटर्नमध्ये दाखवू शकता किंवा चालू वर्षाच्या. तुमची मर्जी.

सोय मोठी आहे. फेब्रुवारीत डब्ल्यू-२, म्हणजे कंपनीने दिलेला वर्षभराच्या पगाराचा आणि कापलेल्या कराचा कागद, हातात आला, रिटर्न अर्धवट भरून बघितलं, राज्याचा कर किती लागतोय ते कळलं, की मग पैसे द्यायचे. पण एकच पावती दोन्ही वर्षांत दाखवता येत नाही. एका मित्राने जानेवारीतली पावती जुन्या वर्षात दाखवली, आणि पुढच्या वर्षी सॉफ्टवेअरने ‘यंदा दिलेल्या देणग्या’ विचारल्यावर पुन्हा तीच टाकली. बायकोने पावतीची तारीख बघून पकडलं, नाहीतर सुधारित रिटर्नचं लचांड मागे लागलं असतं. आता तो पावतीवर पेनाने करवर्ष लिहून ठेवतो. पुढे मीही तेच करायला लागलो.

रिटर्न भरायला मुदतवाढ घेतली तरी पैसे द्यायची तारीख १५ एप्रिलच राहते. ऑक्टोबरमध्ये रिटर्न भरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा.

फॉर्म

तीन फॉर्म लागतात. ३२२ हा याच क्रेडिटचा: त्यात तारीख, सीटीडीएस, शाळेचं नाव आणि रक्कम भरायची. ३०१ मध्ये तुमच्या सगळ्या क्रेडिटांची बेरीज. ती बेरीज मुख्य रिटर्नमध्ये, म्हणजे रहिवाशांसाठी फॉर्म १४० मध्ये जाते. वर्षाच्या मध्यात दुसऱ्या राज्यातून आला असाल तर तुमचा फॉर्म १४०पीवाय. सॉफ्टवेअर वापरत असाल तर आकडे आपोआप पुढे सरकतात, पण फेडरल संपवून राज्याच्या भागात आल्यावर ‘क्रेडिट्स’ हा विभाग उघडावा लागतो. पुष्कळ जण तिथे ‘स्किप’ दाबतात. आपले आपण रिटर्न भरणाऱ्यांची इथेच गफलत होते.

हे क्रेडिट रिफंडेबल नाही. राज्याचा कर २५० आणि तुम्ही दिलेत ४००, तर कर शून्य होईल, उरलेले १५० रोख मिळणार नाहीत. मात्र ते पुढच्या पाच वर्षांपर्यंत ओढता येतात. ज्यांचा कर मुळातच कमी आहे, उदाहरणार्थ अर्धवेळ काम करणारे विद्यार्थी, त्यांनी आधी कर किती लागतोय ते बघून मगच रक्कम ठरवावी.

फेडरल रिटर्नमध्ये याचा दुहेरी फायदा मिळत नाही. २०१९ च्या नियमांनुसार राज्याकडून जेवढं क्रेडिट मिळतं, तेवढी फेडरलची देणगी-वजावट कमी धरली जाते. आपल्यातले बहुतेक जण स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे ठरावीक सरसकट वजावट, घेतात, त्यांना याचा काही फरक पडत नाही. आयटमाइज करणाऱ्यांनी, म्हणजे एकेक खर्च दाखवून वजावट घेणाऱ्यांनी, सीएला, म्हणजे इथल्या सीपीएला, एकदा विचारून घ्यावं.

आणि ती शेवटची रांग

फॉर्म १४० च्या शेवटाकडे ऐच्छिक देणग्यांची एक रांग आहे. तिथे रकाने असतात: वन्यजीव, बाल अत्याचार प्रतिबंध, कुत्र्या-मांजरांची नसबंदी, माजी सैनिक. त्यात शाळांसाठीही एक रकाना आहे, ‘सोल्यूशन्स टीम्स असाइन्ड टू स्कूल्स’. मागे पडलेल्या शाळांना मदत करायला राज्य जी पथकं पाठवतं, त्यांच्यासाठी. इथे लिहिलेली रक्कम तुमच्या रिफंडातून कापली जाते आणि ती परत येत नाही. क्रेडिट वेगळं, ही देणगी वेगळी. दप्तरातला कागद क्रेडिटचा असतो, या रकान्यात ४०० लिहून ‘झालं काम’ म्हणू नका. मला भेटलेल्या एका गृहस्थांनी तेच केलं होतं.

त्याच रांगेत एक रकाना असा आहे की तो मी दर वर्षी बायकोला मोठ्याने वाचून दाखवतो: ‘आय डिडन्ट पे इनफ फंड’. कर भरून झाल्यावर ज्याला वाटतं की आपण पुरेसा भरला नाही, त्याने इथे आणखी द्यावा. ती दर वर्षी म्हणते, ‘तुझं मन झालं तर लिही हो, मी अडवत नाही.’ अजून तिथे शून्यच आहे.

पावत्या चार वर्षं ठेवा, राज्याला तेवढ्या काळात रिटर्न तपासता येतं. आमच्या घरी त्या पोळीच्या डब्याखालच्या खणात एका पिवळ्या पाकिटात आहेत. सगळ्यात वर बसभाड्याची पावती, तिच्यावर निळ्या पेनाने करवर्ष.